ग्लुटेन सोडलं, पोट शांत झालं, आतडं मात्र सुजलेलंच: एका क्रोन्सच्या पेशंटची केस

आधी एक गोष्ट सांगून टाकते, ही केस कुणा एका माणसाची नाही. साधारण याच वाटेने फिरून आलेले पेशंट आम्हा डाएटिशियन लोकांना सारखे भेटतात, त्यांच्या गोष्टींचे तुकडे जोडून समजावण्यासाठी ही केस बांधली आहे. त्यामुळे वजन, रिपोर्ट वगैरे आकडे केसपुरतेच धरा. अभ्यासांचे जे आकडे येतील ते मात्र खरे, छापून आलेले आहेत.

तर पेशंट बाई, वय ३४. सात वर्षांपूर्वी क्रोन्स डिसीजचं निदान, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येणारा, वर्षानुवर्षं चालणारा आजार, हिचा लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, म्हणजे टर्मिनल इलियममध्ये. सुरुवातीला स्टेरॉइड झाले, मग अ‍ॅडालिमुमॅबचं इंजेक्शन (सूज दाबणारं औषध) सुरू झालं, ४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी, आणि ते लागू पडलं. पुढच्या कोलोनोस्कोपीत अल्सर भरून आलेले दिसले, कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे संडासच्या नमुन्यातून सूज मोजणारी टेस्ट, नॉर्मल, सगळे खूश. फक्त पेशंट खूश नव्हती, कारण पोट फुगणं काही थांबेना. जेवल्यावर तासा-दोन तासात पोट ढोलासारखं, गॅस, मधेच पातळ संडास, संध्याकाळी कपडे घट्ट व्हायला लागायचे. डॉक्टरांना सांगितलं की ते रिपोर्ट बघून म्हणायचे आजार तर शांत आहे. ते खरंच होतं, पण ‘मग मला होतंय ते काय’ याचं उत्तर त्यात नव्हतं, आणि उत्तर मिळालं नाही की माणूस स्वतः शोधायला लागतो.

तिने शोधलं, आणि गहू बंद केला.

आठवड्याभरात फरक पडला, तोही थोडाथोडका नाही, पोट निम्म्याने हलकं. हे मी मुद्दाम लिहितेय कारण अशा पेशंटला ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ म्हणणारे खूप भेटतात. फरक खरा होता. गोंधळ झाला तो पुढे, म्हणजे फरक कशामुळे पडला हे तिने ठरवून टाकलं तिथे. गहू सोडला, बरं वाटलं, म्हणजे ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) बाधतं, म्हणजे क्रोन्सचं मूळच ग्लुटेन असणार, अशी साखळी डोक्यात तयार झाली आणि प्रत्येक कडी आधीच्या कडीइतकीच पक्की वाटायला लागली.

मग थोडा त्रास उरला होता म्हणून दूध गेलं. मग कुठूनतरी रक्ताची ‘फूड इनटॉलरन्स टेस्ट’ करून घेतली, आयजीजी अँटिबॉडी मोजणारी, त्यात २३ पदार्थ लाल रंगात आले, ते गेले. अंडी गेली, बदाम गेले, टोमॅटो गेले. कडधान्यं तर आधीच बंद होती. चौदा महिन्यांत वजन ५७ किलोवरून ४८.५ वर आलं, उंची १६२ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय १८.५ च्या आसपास, अगदी काठावर.

आणि ती माझ्याकडे आली ती पोटासाठी नाहीच. केस गळतायत, जिना चढताना धाप लागते, फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) १४, बी१२ बरंच कमी. तिची मागणी एकच होती, ‘मॅडम, मला लोह वाढेल असा नीट ग्लुटेन-फ्री चार्ट करून द्या.’

चार्ट लगेच दिला नाही

पहिल्या भेटीत मी काय खाता हे विचारते तसं कोणती औषधं चालू आहेत, किती आणि कधी, हेही विचारते. डाएटिशियनने हे विचारायचं नाही असं काही लोकांना वाटतं, पण आतड्याच्या आजारात खाणं आणि औषध वेगवेगळ्या वह्यांमध्ये लिहिलं की दोन्ही वह्या खोट्या ठरतात. विचारल्यावर जरा थांबून ती म्हणाली की इंजेक्शन आता दोन नाही, चार आठवड्यांनी घेते, कारण त्रासच नाहीये आणि शरीरात उगाच औषध कशाला. कुणाला सांगितलं नव्हतं.

आता हे सगळं एकत्र बघा. लोह कमी, बी१२ कमी, वजन उतरलेलं, इंजेक्शन अर्ध्यावर आलेलं. तिच्या मते हे सगळं ‘अजून पूर्ण ग्लुटेन सुटलं नाही’ म्हणून होत होतं. पण बी१२ शोषलं जातं ते टर्मिनल इलियममध्येच, म्हणजे बरोब्बर जिथे तिचा आजार आहे तिथे. शिवाय मांसाहार चालू होता, त्यामुळे फक्त खाण्यातून इतकं कमी पडायचं कारण नव्हतं. लोह कमी होण्यात कमी खाण्याचा वाटा असू शकतो, पण सुजलेल्या आतड्यातून नकळत थोडंथोडं रक्त जात राहतं हेही तितकंच शक्य, आणि सूज असताना शरीर लोह शोषू देत नाही ते वेगळंच.

म्हणून चार्ट बाजूला ठेवून तिला त्याच आठवड्यात तिच्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं, सोबत चिठ्ठी, त्यात इंजेक्शनचं अंतर ठळक अक्षरात. ते डॉक्टरांना सांगायचं हे तिला आधी विचारून घेतलं होतं, नाराज झाली पण हो म्हणाली.

संडासच्या नमुन्यातलं कॅलप्रोटेक्टिन आलं ६४०. हे पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन आहे, आतड्यात सूज असली की वाढतं. साधारण ५० च्या खाली असलं की निवांत, २५० च्या वर गेलं की क्रोन्सच्या पेशंटमध्ये सूज धरून चालायची आणि शोधायची. कोलोनोस्कोपी झाली, टर्मिनल इलियममध्ये ताजे अल्सर. एमआर एंटेरोग्राफीत, म्हणजे लहान आतड्याच्या एमआरआयमध्ये, आतडं कुठे अरुंद झालेलं नव्हतं, हे नशीब म्हणायचं आणि आहाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचं, कारण आतडं अरुंद असेल तर सालं, बिया, कच्च्या तंतुमय भाज्या अडकून बसू शकतात आणि मग डाएटचं सगळं गणितच बदलतं. पुढच्या इंजेक्शनच्या आधी रक्तातली औषधाची पातळी मोजली, ती २ च्या आसपास, अ‍ॅडालिमुमॅबसाठी साधारण ७.५ तरी हवी असं मानतात. औषधाविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या नव्हत्या. ही दुसरी नशिबाची गोष्ट, कारण अशी औषधं अधूनमधून, कमी पातळीवर घेत राहिलं की शरीर त्यांनाच परकं समजून अँटिबॉडी करायला लागतं आणि चांगलं चाललेलं औषध हातचं जातं.

म्हणजे पोट शांत आणि आतडं सुजलेलं, दोन्ही एकाच वेळी. पेशंटचा यावर विश्वास बसेना. बरं वाटत असताना आजार वाढतो कसा?

लक्षणं एक सांगतात, सूज दुसरंच

या केसचा गाभा हाच आहे म्हणून इथे जरा वेळ घेते.

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या सूजेचा त्याचा भाऊबंद) शांत असलेल्या साधारण एक तृतीयांश लोकांना आयबीएससारखा (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) त्रास होत राहतो, फुगणं, कळा, संडासचं वेळापत्रक बिघडलेलं. सूज नसते, पण आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात, थोडा गॅस झाला तरी दुखतं. हिला सुरुवातीला होत होतं ते हेच. अशा पोटाला गव्हातली कोणती गोष्ट जास्त छळते? गव्हात ग्लुटेन आहे हे सगळ्यांना माहीत, पण गव्हात फ्रक्टानही असतं, हे कोणी सांगत नाही. ग्लुटेन प्रथिन आहे, फ्रक्टान कर्बोदक. फ्रक्टानची साखळी तोडणारं एन्झाइम माणसाकडे मुळातच नाही, कोणाकडेच नाही, त्यामुळे ते न पचता मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले बॅक्टेरिया त्यावर तुटून पडतात आणि गॅस तयार होतो. ज्याचं पोट हळवं नाही त्याला कळतही नाही. ज्याचं आहे त्याला कपडे घट्ट होतात.

गहू सोडला की ग्लुटेन आणि फ्रक्टान दोन्ही एकदम जातात. बरं वाटतं. आणि पावती ग्लुटेनच्या नावावर फाटते, कारण पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलं असतं, ‘फ्रक्टान-फ्री’ असं कुठे कोणी छापत नाही.

हे नुसतं तर्काचं काम नाही. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या गटाने २०११ मध्ये छोटा अभ्यास छापला, सिलिअ‍ॅक (ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा आजार, पुढे येतोच) नसलेल्या आयबीएसच्या लोकांना ग्लुटेनने त्रास होतो असं त्यात दिसलं, आणि गाजलं ते. त्याच गटाने २०१३ मध्ये ३७ जणांना आधी फॉडमॅप कमी असलेल्या आहारावर आणलं, म्हणजे फ्रक्टानसारखी गॅस करणारी कर्बोदकं आधी काढून टाकली, आणि मग ग्लुटेन देऊन बघितलं, तर ग्लुटेनचा म्हणून वेगळा परिणाम जवळजवळ दिसेनाच. स्वतःचाच निष्कर्ष स्वतः तपासून उलटा छापायला हिंमत लागते, पण तो दुसरा पेपर पहिल्याइतका कधी गाजला नाही. पुढे २०१८ मध्ये नॉर्वेत ५९ जणांवर अभ्यास झाला, सगळे स्वतःहून ग्लुटेन सोडलेले, सिलिअ‍ॅक नसलेले. त्यांना एकसारखे दिसणारे म्यूसली बार दिले, एका आठवड्यात ग्लुटेनचे, एकात फ्रक्टानचे, एकात दोन्ही नसलेले. सगळ्यात जास्त त्रास फ्रक्टानने झाला असे २४ जण निघाले, ग्लुटेनने १३, आणि काहीच नसलेल्या बारने २२! तो २२ चा आकडा विसरू नका, त्यावर परत येणार आहे.

आता सूज. फ्रक्टान कमी केल्याने गॅस कमी होतो, सूज कमी होत नाही. लंडनच्या एका अभ्यासात, २०२० चा, आजार शांत असलेल्या पण पोटाचा त्रास चालू असलेल्या ५२ जणांपैकी काहींना चार आठवडे लो-फॉडमॅप आहार दिला, बाकीच्यांना नुसताच दिसायला डाएट असलेला आहार. पुरेसा आराम पडला असं पहिल्या गटात ५२ टक्के म्हणाले, दुसऱ्यात १६ टक्के. पण सूज मोजणाऱ्या आकड्यांमध्ये दोन गटांत फरक नव्हता.

पेशंटला मी हेच सांगितलं, जे तुला बरं वाटलं ते गॅसचं होतं, आणि जे तू इंजेक्शन लांबवून वाढवलंस ते सूजेचं होतं, गॅस कमी झाला म्हणून तुला सूजेची चाहूलच लागली नाही. ती लगेच म्हणाली की मग ग्लुटेन सोडून क्रोन्स बरा झाला म्हणणारे इतके लोक आहेत ते सगळे खोटं बोलतात का. नाही बोलत. अमेरिकेत १६४७ क्रोन्स-कोलायटिसच्या लोकांचा सर्व्हे झाला होता, त्यात १९ टक्के लोकांनी कधी ना कधी ग्लुटेन-फ्री करून बघितलं होतं आणि त्यातल्या साधारण ६६ टक्के लोकांना लक्षणं कमी झाली असं वाटलं. पण त्यांनी सांगितलं ते लक्षणांचं, त्यांची आतडी कोणी आत जाऊन बघितली नव्हती.

सिलिअ‍ॅकचं काय

ही तपासणी खरं तर गहू सोडायच्या आधी व्हायला हवी होती. सिलिअ‍ॅक डिसीज हा वेगळा, पक्का आजार, जगात साधारण १ टक्का लोकांना. ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि आतल्या विल्लाय, म्हणजे बोटांसारखे बारीक उंचवटे, सपाट होतात. त्यात लोह कमी होतं, वजन उतरतं, पोट फुगतं, म्हणजे हिचीच सगळी लक्षणं.

पेशंटकडे टीटीजी-आयजीए या सिलिअ‍ॅकच्या अँटिबॉडी-टेस्टचा निगेटिव्ह रिपोर्ट होता आणि ती तो दाखवून म्हणत होती की सिलिअ‍ॅक नाही, ‘नुसती सेन्सिटिव्हिटी’ आहे. रिपोर्टची तारीख बघितली, गहू सोडल्यानंतर दहा महिन्यांची. ग्लुटेन बंद असलं की या अँटिबॉडी उतरत जातात, विल्लाय हळूहळू भरून येतात, त्यामुळे असा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी त्यातून काही कळत नाही. शिवाय एकूण आयजीए मोजलं नव्हतं, ज्यांच्यात तेच मुळात कमी असतं त्यांच्यात ही टेस्ट खोटी निगेटिव्ह येते.

गहू खात नसतानाही करता येते अशी एक तपासणी आहे, एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकांची. सिलिअ‍ॅकच्या जवळजवळ सगळ्या पेशंटमध्ये यातलं एक तरी असतं. पण हे साध्या निरोगी लोकांपैकी ३० ते ४० टक्के जणांमध्येही असतं, म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह आली तर काही सिद्ध होत नाही, निगेटिव्ह आली तर मात्र विषय संपतो. हिची दोन्ही निगेटिव्ह आली.

पॉझिटिव्ह आली असती तर ग्लुटेन परत सुरू करून, दिवसाला किमान ३ ग्रॅम, निदान दोन आठवडे आणि सोसलं तर आठपर्यंत, मग रक्त आणि ड्युओडेनमची (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची) बायोप्सी असं सगळं करावं लागलं असतं, आणि क्रोन्स उसळलेला असताना ते करायचं म्हणजे कोणतं लक्षण कशाचं हे कुणालाच कळलं नसतं. म्हणून गहू सोडायचा विचार असेल तर आधी तपासणी, मग सोडा. हे वाक्य मी किती लोकांना सांगते आणि किती जण आधी सोडून मगच येतात, जाऊ दे.

‘पण सोडायचंच आहे तर नाव काय फरक पडतो’ असं विचारतात. खूप पडतो. सिलिअ‍ॅक असेल तर आयुष्यभर, काटेकोर. ग्लुटेन-फ्री लेबलची मर्यादा दहा लाखात २० भाग इतकी कडक आहे, आणि एका अभ्यासात रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने घेतलेल्या सिलिअ‍ॅक पेशंटच्या आतड्याला इजा दिसली होती. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम ग्लुटेन असतं, म्हणजे ५० मिलिग्रॅम म्हणजे चाळिसावा हिस्सा, चुराच म्हणा. त्या माणसाला वेगळा टोस्टर लागतो, सुरीसुद्धा वेगळी लागते. फ्रक्टान न सोसणाऱ्याला यातलं काहीही लागत नाही. त्याचा प्रश्न प्रमाणाचा, एक स्लाइस चालेल, चार चालणार नाहीत. आतड्याला इजा नाही, फक्त फुगणं. पहिल्या माणसाची काळजी दुसऱ्याने वर्षानुवर्षं वाहायची, पार्टीत पाणीसुद्धा घाबरत प्यायचं, हे उगाचचं ओझं आहे.

आधी सूज, मग प्रयोग

डॉक्टरांनी इंजेक्शन परत दोन आठवड्यांवर आणलं, लोह शिरेतून दिलं कारण हिमोग्लोबिन १० च्या खाली आणि आजार चालू असताना गोळ्यांचा भरवसा नसतो, बी१२ ची इंजेक्शनं सुरू केली. आहाराचे प्रयोग तेव्हा लगेच सुरू करायचे नाहीत असं आम्ही ठरवलं. सुजलेल्या आतड्यावर कोणताही पदार्थ तपासला तरी उत्तर भरवशाचं येत नाही, आज सोसलं उद्या नाही, आणि पेशंट दोन्ही वेळेला पदार्थालाच दोष देते.

मधल्या तीन महिन्यांत माझं काम एकच, वजन. गहू तिला नको होता, ठीक, तो तसाच राहू दिला, भांडण एका वेळी एकच. पण आयजीजीच्या यादीतले पदार्थ परत आणायला सुरुवात केली, अंडी पहिली. ही आयजीजी टेस्ट काय दाखवते? एखादा पदार्थ आपण खातो आणि शरीर त्याला ओळखतं, बास. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जी तज्ज्ञांच्या संघटनांनी स्पष्ट सांगितलंय की अन्न सोसत नाही हे ठरवायला ही टेस्ट वापरू नये. म्हणूनच लाल यादीत बहुतेक वेळा माणूस रोज आवडीने खातो तेच पदार्थ येतात, अंडी, दूध, गहू, बदाम. तिने यादी बघितली आणि म्हणाली, ‘अरे हो, मी जे कधीच खाल्लं नाही त्यातलं काहीच लाल नाहीये.’ मला वेगळं समजवावं लागलं नाही.

अंडी सोसली. बदाम सोसले, मूठभर. टोमॅटोने काहीच झालं नाही. दोन जेवणांमध्ये पोषण देणारं ड्रिंक ठेवलं. वजन ५१ वर आलं, कॅलप्रोटेक्टिन ९० वर, इंजेक्शनच्या आधीची औषधाची पातळी ८ च्या वर. आता मैदान साफ होतं.

मग तपासणीचे आठवडे. नॉर्वेच्या अभ्यासाची छोटी नक्कल म्हणा. एकाच चवीचे, एकाच रंगाचे बार तीन प्रकारचे, एकात शुद्ध गव्हाचं ग्लुटेन, एकात फ्रक्टानची पावडर, एकात दोन्ही नाही, प्रत्येक आठवडाभर, मधे एक आठवडा मोकळा. कोणत्या आठवड्यात काय हे फक्त बार देणाऱ्या सहकाऱ्याला माहीत, मला नाही, पेशंटला नाही. रोज रात्री फुगणं, दुखणं आणि गॅस याला ० ते १० मार्क द्यायचे. घरी कुणी हे स्वतःवर करू नका, सिलिअ‍ॅक नाही हे आधी पक्कं असल्याशिवाय तर नाहीच.

पहिल्या आठवड्यातच ती दुसऱ्या दिवशी मेसेज करून म्हणाली की हे नक्की ग्लुटेन आहे, पोट फुगलंय, बंद करू का. थांब म्हटलं, शनिवारपर्यंत बघू. चौथ्या दिवसापासून मार्क खाली आले. शेवटी पाकीट उघडलं तेव्हा कळलं, पहिला आठवडा दोन्ही नसलेला होता. इथे तो २२ चा आकडा आठवा. आता त्रास होणार या धास्तीनेही पोट खरोखर फुगतं, त्याला नोसेबो म्हणतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हळव्या आतड्याचं आणि मेंदूचं बोलणं सतत चालूच असतं. यावरचा अलीकडचा एक अभ्यास लीड्स आणि मास्ट्रिक्टमध्ये झाला, त्यातही ग्लुटेन खाल्लेल्यांमध्ये ज्यांना ‘यात ग्लुटेन आहे’ असं सांगितलं होतं त्यांना जास्त त्रास झाला, ‘नाही’ असं सांगितलेल्यांना कमी.

ग्लुटेनच्या आठवड्यातले मार्क या कोऱ्या आठवड्यासारखेच निघाले, ३ च्या आसपास. फ्रक्टानच्या आठवड्यात तिसऱ्या दिवसापासून ६, ७, आणि शेवटपर्यंत तसेच. एका माणसावरचा प्रयोग आहे, एकेक आठवड्याचा, यातून जगाला काही सिद्ध होत नाही. पण तिच्यापुरता प्रश्न सुटला, आणि मुख्य म्हणजे उत्तर माझ्या तोंडून न येता तिच्याच हाताने लिहिलेल्या मार्कांतून आलं.

ताटात काय बदललं

फ्रक्टान म्हटलं की फक्त गहू नाही, कांदा आणि लसूण हे त्याहून मोठे साठे, आणि ते ती या सगळ्या काळात बिनधास्त खात होती! थोडा त्रास उरायचा तो त्यामुळेच असणार, आणि त्याची शिक्षा दुधाला आणि बदामाला झाली. फ्रक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही, म्हणून लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या की वास-चव राहते आणि फ्रक्टान मागे पडतं. हे तेल मात्र त्याच दिवशी वापरायचं, बाहेर साठवून ठेवायचं नाही, त्यात बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचा, धोका असतो. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा नाही.

गहू परत आला, एका वेळी एक स्लाइस, मग दोन. हळू आंबवलेला सावरडो ब्रेड तिला जास्त सोसला, आंबताना फ्रक्टानचा बराच भाग खर्च होऊन जातो म्हणून. दोन स्लाइसच्या पुढे पोट बोलायला लागतं, मग तिथेच थांबलो. दुधाचं असं की जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवायची ताकद कमी झालेली असते, तरी त्यातले बहुतेक जण एका वेळी १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण कपभर दूध, खाण्यासोबत घेतलं तर पचवतात. तिला अर्धा कप चालला, दही आणि कडक चीज कितीही. हाडांसाठी कॅल्शियम लागतंच, त्यात स्टेरॉइड होऊन गेलेले, त्यामुळे हे परत येणं मला गव्हापेक्षा मोठं वाटलं.

संपूर्ण लो-फॉडमॅप आहार मी तिला दिलाच नाही, यावर सहकाऱ्यांमध्ये मतभेद झाले. तो आहार तीन टप्प्यांचा असतो, दोन ते सहा आठवडे कमी करा, मग एकेक परत आणा, मग आपापलं ठरवा. पण लोक पहिल्या टप्प्यातच घर करून राहतात, आणि त्यात आतड्यातले बिफिडोबॅक्टेरिया, म्हणजे उपयोगी बॅक्टेरिया, कमी होतात हेही दिसलेलं आहे. जी आधीच २३ पदार्थ सोडून, साडेआठ किलो गमावून आलीय तिला अजून एक ‘टाळा’ची यादी देणं मला पटेना. तिच्याबाबतीत फक्त फ्रक्टानवर काम करून भागलं. वजन चांगलं असतं, खाण्याची भीती नसती, तर कदाचित वेगळं ठरवलं असतं.

शेवटी तिने विचारलंच, मग क्रोन्समध्ये आहाराला काही अर्थच नाही का? आहे ना, आणि चांगलाच आहे, पण तो वेगळा आहार. लहान मुलांच्या क्रोन्समध्ये सहा ते आठ आठवडे फक्त द्रवरूप पोषण, बाकी काही नाही, हा पहिला उपचार मानतात, स्टेरॉइडच्या ऐवजी. क्रोन्स डिसीज एक्सक्लूजन डाएट म्हणून आहार आहे, त्याचा मुलांवरचा अभ्यास २०१९ मध्ये आला, १२ आठवड्यांनी स्टेरॉइडशिवाय आजार शांत असलेली मुलं जवळजवळ ७६ टक्के, आणि आधी सहा आठवडे नुसतं द्रवरूप पोषण घेतलेल्या गटात ४५ टक्के. हो, त्या आहारात सुरुवातीला गहू बंदच असतो! पण दूध, प्रक्रिया केलेलं सगळं, इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवायला घालतात ते) हेही बंद असतं आणि सोबत द्रवरूप पोषण चालू असतं, त्यामुळे श्रेय एकट्या गव्हाला देता येत नाही. उलट पाकिटातल्या ग्लुटेन-फ्री ब्रेड-बिस्किटांत बऱ्याचदा तंतू कमी आणि घट्ट करणारे पदार्थ जास्त, ती खाऊन आपण असा काही आहार करतोय असं समजू नये. मोठ्यांमध्ये १९४ जणांच्या अभ्यासात स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट (धान्यं आणि साखर बंद असलेला कडक आहार) आणि मेडिटेरेनियन आहार (भाज्या, फळं, मासे, ऑलिव्ह तेल) यांची तुलना झाली, सहा आठवड्यांनी दोन्हीत साधारण ४५ टक्के लोकांची लक्षणं शांत, फरक काही नाही. मग जो सोपा आणि जास्त पदार्थांचा तो घ्यावा, मी तिला मेडिटेरेनियनच्या अंगाने नेलं.

आता स्थिती अशी. वजन ५४.५. हिमोग्लोबिन १२.४. कडधान्यं अजून आणायची बाकी आहेत, त्यात फ्रक्टानचं भावंड गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड असतं, डबाबंद घेऊन, त्यातलं पाणी ओतून देऊन, धुऊन, पाव वाटीपासून सुरू करणार आहोत. बाहेर खाताना ती अजून ‘ग्लुटेन-फ्री’च मागते, कारण ‘कांदा-लसूण आणि गव्हाचं जास्त नको’ हे वेटरला समजावण्यापेक्षा ते सोपं पडतं. त्याला मी काही म्हटलं नाही. इंजेक्शनचं अंतर वाढवायचं का हा प्रश्न तिने परत काढला, या वेळी डॉक्टरांसमोर, आणि ते म्हणाले पुढच्या कोलोनोस्कोपीत अल्सर भरलेले दिसू देत, मग बोलू. तोवर कॅलप्रोटेक्टिन दर तीन महिन्यांनी, पोट कसंही असलं तरी.